आईच्या घराची गच्ची, इंदूर: कामाच्या नोंदी

२२ फेब्रुवारी २०२५, शनिवार

आज ठेकेदाराशी लेखी ठरलं. घर आईचं, लोकमान्य नगरात. स्लॅब १९८४ चा, गच्ची ८४० चौरस फूट. गेल्या पावसाळ्यात हॉलच्या छताला ओल आली आणि देवघराबाहेरच्या बोळात छताचा पोपडा सुटून खाली पडला. आई फुलांची परडी घेऊन रोज तिथूनच जाते. नशीब, तेव्हा ती स्वयंपाकघरात होती. पोपडा सुटला तिथे सळई उघडी पडली आहे आणि तिच्यावर गंजाचे थर आहेत. गंजलेलं लोखंड फुगतं, मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतं आणि भोवतीचं काँक्रीट आतून फोडत जातं. वरचं पाणी बंद केल्याशिवाय खालून कितीही प्लास्टर थापलं तरी ते टिकायचं नाही. म्हणून आधी गच्ची, मग बोळाचं छत, आणि शेवटी मागचं बाथरूम.

दर असे: गच्ची १२५ रुपये चौरस फूट. त्यात जुना कोबा, म्हणजे स्लॅबवरचा पाणी अडवणारा विटा-मालाचा थर, तोडायचे १५, विटांच्या नव्या कोब्याचे ७० आणि वरच्या चायना मोझॅकचे, म्हणजे फुटक्या टाइलच्या तुकड्यांच्या फरशीचे, ४०. बोळाचं छत १८,०००, बाथरूम ६२,०००. एकूण १,८५,०००. ठेकेदाराला गच्चीचा एकच आकडा लिहायचा होता, मी तो तीन भागांत लिहून घेतला. काम मध्येच थांबलं तर झालेल्या भागाची किंमत काढायला काहीतरी आधार हवा. अ‍ॅडव्हान्स तो निम्मा मागत होता. साहित्य दारात उतरल्यावर ४०,००० आणि त्यापुढे मोजमाप होईल तसे, यावर आला. दोन्ही पानांवर सही केली.

शेजारचे काका पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेत. कागद वाचून म्हणाले, "जुन्या कोब्यावर नवा चढवू देऊ नकोस हं. चाळीस वर्षांच्या स्लॅबवर आणखी किती ओझं टाकणार? सगळं खणून काढायला लाव, मग पुढचं." तेही करारात घातलं.

३ मार्च

काम सुरू झालं. साहित्य उतरलं, ४०,००० दिले, पावती घेतली. एक मिस्त्री आणि अलीराजपूरकडची चार माणसं, दोन जोडपी. मिस्त्री आधी हातोडी घेऊन गच्चीभर फिरला, दर हातावर ठोकून बघत. घट्ट जागी टणटण आवाज, आणि जिथे कोबा स्लॅबपासून सुटलाय तिथे मडक्यासारखा पोकळ. हॉलच्या ओलीच्या बरोबर वर मोठा पट्टा पोकळ निघाला. त्याने खडूने त्याभोवती रेघ ओढली आणि मला बोलावून दाखवली. असं दाखवणारा माणूस बघून बरं वाटलं.

मलबा उचलायला महापालिकेच्या ३११ अ‍ॅपवर नोंद केली. रस्त्यावर टाकायची सोय इंदुरात आता नाही, आणि ते चांगलंच आहे.

६ मार्च

जुना कोबा सगळा निघाला. स्लॅब उघडा झाला. मजूर आज संध्याकाळच्या बसने गावी गेले, भगोरियाच्या जत्रेला. होळीच्या आधीचा हा आठवडा त्यांच्याकडे वर्षातला सगळ्यात मोठा, आणि त्यांनी पहिल्या दिवशीच आईला सांगितलं होतं. तक्रार त्यांच्याबद्दल नाही. भगोरिया कधी येतो हे ठेकेदाराला माझ्याहून चांगलं माहीत असणार. मग उघडा स्लॅब सोडून जायची वेळ येईल असं काम त्याने आखलंच का? होळीनंतर तोडायला घेतलं असतं तरी चाललं असतं. विचारलं तर म्हणाला, "दीदी, जून तक कौन सी बारिश है?" माळव्यात अवकाळी पाऊस कधीही पडतो, हे इथे जन्मलेल्या माणसाला सांगावं लागू नये.

ताडपत्री आणून पोकळ पट्ट्यावर विटांखाली दाबून ठेवली.

१७ मार्च, सोमवार

आज येणार होते. कोणी आलं नाही. फोन वाजतो, उचलत नाही.

२० मार्च

काल रंगपंचमी, गेरमुळे, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीमुळे, सगळं शहर राजवाड्याकडे. आज दुपारी ठेकेदाराचा फोन आला. लेबर परतली नाही म्हणे. मिस्त्रीला विचारलं तर तो म्हणाला की माणसं रविवारीच आली आहेत, पण बायपासच्या बाजूला दुसऱ्या साइटवर लावली आहेत. दोघांचं बोलणं तारखेसकट इथे लिहून ठेवते.

२४ मार्च

रेतीची ट्रॉली आली. रंग बघूनच शंका आली. नर्मदेची रेती हातात घेतली की दाणा गोलसर लागतो, बोटांना पीठ चिकटत नाही. ही टोकदार होती आणि तळहात राखाडी झाला. क्रशरची चुरी मिसळलेली. एका लोणच्याच्या बरणीत निम्म्यापर्यंत ही रेती घातली, मीठ टाकलेलं पाणी ओतलं, जोरात हलवून ओट्यावर ठेवली. तीन तासांनी बघितलं तर खाली रेतीचा १० सेंटिमीटरचा थर आणि त्यावर गाळाचा १.६. साइटवर साधारण ८ टक्क्यांपर्यंत चालवून घेतात, ही १६ वर गेली. एवढं पीठ असलं की माल पाणी जास्त पितो आणि सुकताना आक्रसून तडकतो. गच्चीच्या कामात तडा म्हणजे पाण्याला वाट.

ठेकेदाराला बरणीचा फोटो पाठवला. आधी म्हणाला सगळीकडे हीच चालते. मी करारातलं "नदीची धुतलेली रेती" हे वाक्य परत पाठवलं. संध्याकाळी ट्रॉली उचलून नेली.

२८ मार्च

आज दादाचा पुण्याहून फोन. ठेकेदाराने त्याला परस्पर फोन केला होता. सिमेंट महागणार आहे, आत्ता पन्नास दिले तर जुन्या भावात उचलून ठेवतो, ताईंना त्रास नको म्हणून तुम्हाला सांगतोय. दादाने लगेच ५०,००० पाठवले. त्याचा हेतू चांगलाच होता. लांब बसून आईच्या घराची काळजी करणाऱ्या माणसाला पैसे पाठवणं हीच एक मदत हातात असते, आणि ठेकेदाराने नेमकं तेच हेरलं.

दादाशी नीट बोलले, न भांडता. "यापुढे त्याला एक रुपयासुद्धा परस्पर देऊ नकोस. मागितले तर म्हण, ताईकडे मोजमाप दे." दादा म्हणाला, "तू सांगशील तसं." ठेकेदारालाही लिहून कळवलं: पैशाचा व्यवहार फक्त माझ्याशी, आणि फक्त झालेल्या कामावर.

म्हणजे आत्तापर्यंत ९०,००० गेले आणि काम झालंय ते फक्त तोडण्याचं.

७ एप्रिल

पैसे मिळाल्यावर गॅंग आली. रेती चांगली आली आहे. तराई, म्हणजे नव्या कामाला पाणी देत राहणं, कशी करायची, पाणी कुठून, कोण बघणार हे विचारलं तर ठेकेदार म्हणाला पोरगा ठेवतो.

सकाळी मिस्त्रीने लेव्हल पाईपने उतार काढला. पाणी भरलेली पारदर्शक नळी, एक टोक टाकीजवळ, दुसरं मोरीच्या तोंडाशी. पन्हाळ दक्षिणेला, लांबी २८ फूट. शंभराला एक असा उतार धरला तर वरच्या टोकापासून मोरीपर्यंत सुमारे साडेतीन इंच फरक यायला हवा. त्याने कठड्याच्या भिंतीवर सूत मारून निळी रेघ उठवली. आईसुद्धा वर येऊन बघून गेली.

पूर्वेकडून सुरुवात. स्लॅब धुऊन त्यावर सिमेंटचा पातळ लेप. विटांचे तुकडे आदल्या रात्रीपासून पिंपात भिजत होते. कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते आणि माल कच्चा राहतो. तुकडे उभे लावायचे, मध्ये बोटभर फट ठेवायची, आणि फटीत सिमेंट-रेतीचा एकास चारचा माल करणीच्या टोकाने दाबून भरायचा. वॉटरप्रूफिंगचं द्रावण गोणीला २०० मिली. ते मी स्वतः मापाने ओतून दिलं. कठड्याच्या कोपऱ्याला वाटा, म्हणजे मालाची गोलाई, भिंतीवर फूटभर चढवून. सगळ्यात आधी पाणी शिरतं ते या कोपऱ्यातून. मिस्त्रीचा हात छान आहे. वाटा करताना त्याने काचेची बाटली फिरवून गोलाई घोटली, टोकापासून टोकापर्यंत एकसारखी.

९ एप्रिल

पूर्वेचा ४१० चौरस फूट कोबा झाला. दुपारी गॅंगला दुसरीकडे बोलावून घेतलं. पश्चिमेची बाजू तशीच उघडी. मधली कड सरळ कापल्यासारखी सोडून गेलेत.

१२ एप्रिल

पाण्याला पोरगा आला नाही. पारा चाळिशीच्या आसपास आहे. कोब्यावर मालाची क्यारी करून पाणी तुंबवून ठेवायचं ठरलं होतं, ती क्यारी त्यांनी कडेच्या चार-पाच फुटांत बांधलीच नाही. काम परत तिथूनच पुढे न्यायचंय म्हणून. मी आणि आईकडे कामाला येणाऱ्या ताई मिळून सकाळ-संध्याकाळ पाणी घालतोय. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, बाकी बोअरिंगवर. क्यारीच्या आत पाणी राहतं. कडेवर गोणपाट अंथरलंय, ते दुपारी दोन वाजता खडखडीत वाळतं.

सिमेंटला घट्ट व्हायला पाणी लागतं, आणि ते पहिल्या दिवसांतच लागतं. साध्या सिमेंटला निदान सात दिवस, राख मिसळलेल्या पीपीसीला दहा, उन्हाळ्यात शक्यतो चौदा. आपल्या गोण्या पीपीसीच्या आहेत. त्या दिवसांत पाणी नाही मिळालं तर नंतर कितीही ओता, गेलेली ताकद येत नाही. ठेकेदार आला नाही तर काम लांबतं, एवढंच लोक धरून चालतात. इथे तो न आलेला दिवस कोब्यात कायमचा राहतो.

त्याला आजपर्यंत जे कळवलं ते सगळं लेखी आहे, फोटोंसकट.

१६ एप्रिल

कडेच्या कोरड्या पट्ट्यात तडे. केसाएवढे, जाळीसारखे, कडेपासून आत साधारण तीन फूट. क्यारीच्या आतला भाग स्वच्छ आहे. एकच माल, एकच मिस्त्री, एकच दिवस, फरक फक्त पाण्याचा. पट्टी ठेवून फोटो घेतले.

२३ एप्रिल

आज मिस्त्री एकटा आला, राहिलेली हत्यारं न्यायला. थापी, रंधा, लेव्हल पाईप. आईने त्याला बसवलं. "भैया, धूप में आए हो, पहले पानी पियो." मग चहा झाला. मी विचारलं की खरं काय ते सांग, तुझं नाव कुठे येणार नाही.

तो बराच वेळ कपाकडे बघत बसला, मग बोलला. सेठकडे साइट पाच आणि गॅंग एक. नवीन साइटचे पैसे आले की त्यातून जुन्या दुकानदाराची उधारी फिटते, मग दुकानदार माल सोडतो, आणि तो माल जातो तिसऱ्याच साइटवर. "जिसने नया पैसा दिया, दो दिन वहाँ." आमच्याकडे ७ तारखेला माणसं आली ती दादाच्या पन्नास हजारांमुळे, आणि ९ ला गेली कारण कोणीतरी त्याहून जास्त दिले. होळीपासून मिस्त्रीचीही मजुरी बाकी आहे. साडेआठ हजार. पोरीची शाळेची फी भरायची आहे म्हणाला.

हे ऐकल्यावर मला ठेकेदार वेगळा दिसला. तो लुटारू नाही. कामाची समजही आहे, पहिल्या दिवशी मोजताना ते कळलं होतं. पण त्याचा धंदा पुढच्या अ‍ॅडव्हान्सवर चालतो, आणि ज्याचे पैसे आधीच देऊन झालेत त्याच्याकडे यायला त्याला कारणच उरत नाही. राग याने कमी झाला नाही. मिस्त्रीची मजुरी अडकवणं तर मला अजिबात मान्य नाही. पण त्याला फोन करकरून ओढून आणण्यात अर्थ नाही एवढं पक्कं झालं. आता हिशोब तोडायचा.

४ मे, रविवार

रात्री वादळ आणि जोराचा पाऊस. पश्चिमेचा उघडा स्लॅब गळला. ताडपत्री वाऱ्याने उलटून टाकीला जाऊन अडकली. हॉलमध्ये तीन बादल्या, आईचा पलंग आतल्या खोलीत हलवला. बाबांच्या पुस्तकांचं कपाट भिंतीपासून ओढलं, खालचे दोन खण भिजले होते. पूर्वेकडे, कोबा झालेल्या भागाखाली, छत कोरडं. कडेच्या तड्यांखाली मात्र पाण्याची रेघ उतरली आहे.

ठेकेदाराचा निरोप: "कल सुबह पक्का."

६ मे

कोणी आलं नाही. नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवली, सोबत व्हॉट्सअ‍ॅपवरही. मसुदा काकांनी तपासला. कराराची तारीख, दिलेल्या दोन्ही रकमा, झालेलं काम, तड्यांचे फोटो, ४ तारखेचं नुकसान. मागणी एकच: सात दिवसांत समोर येऊन संयुक्त मोजमाप करा आणि जास्तीची रक्कम परत द्या. काम पूर्ण करून द्या असं मी मुद्दाम लिहिलं नाही. ते लिहिलं असतं तर दोन माणसं पाठवून आणखी महिनाभर लटकवलं असतं.

शेवटी लिहिलं की न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पैसे घेऊन दिलेली सेवा येते, घरबांधणीचा तर त्यात वेगळा उल्लेख आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, आणि तक्रार करायला कारण घडल्यापासून दोन वर्षं मिळतात. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी नोंद करता येते. आयोगात उभं राहायला लागतं ते कागद, आणि ते या वहीत आहेत.

१० मे, शनिवार

आला. बरोबर त्याचा मेहुणा. आवाज सुरुवातीला चढा होता, मग काका त्यांची जुनी मेजरमेंट बुकसारखी आखलेली वही घेऊन वर आले आणि टेपचं एक टोक ठेकेदाराच्याच हातात दिलं. "तुम पकड़ो, मैं पढ़ता हूँ." आकडे दोघांनी मोठ्याने वाचले, मी लिहिले. मोजताना माणूस भांडत नाही, हे काकांना नोकरीतून माहीत होतं.

जुना कोबा तोडणे ८४० चौ. फूट × १५ = १२,६००.
विटांचा कोबा ४१० चौ. फूट × ७० = २८,७००.
शिल्लक सिमेंट १४ गोण्या. त्यातल्या सहा जमिनीवर ठेवल्यामुळे खालून दगड झालेल्या, त्या धरल्या नाहीत. आठ गोण्या × ३५० = २,८००.
विटा व रेती, ठरवून ३,९००.

एकूण ४८,०००. तडकलेला पट्टा काढून परत करण्याचे ४,००० वजा. त्याच्या पदरात ४४,०००, आपण दिलेले ९०,०००, येणं ४६,०००.

सिमेंटवरून जरा घासाघीस झाली. गोण्यांवर बनवल्याचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. माल एप्रिलमध्ये घेतला म्हणाला आणि छाप निघाला जानेवारीचा. त्यानंतर तो गप्प झाला. पन्नास हजारांचं सिमेंट जुन्या भावात उचलून ठेवलंय असं दादाला सांगितलं होतं, ते कुठेच नव्हतं.

१६,००० आजच दिले, बाकी १५,००० चे दोन हप्ते, ३१ मे आणि १५ जून. कागदावर चौघांच्या सह्या. तोडण्याचे पैसे मी पूर्ण धरले, कोब्याचेही पूर्ण. झालेलं काम झालंय, त्याची किंमत कापायची नाही. मिस्त्रीच्या साडेआठ हजारांचा विषय मी त्याच वेळी काढला. ठेकेदार म्हणाला तो आमचा आपसातला मामला आहे. काका म्हणाले, "मजदूरी का मामला किसी का आपस का नहीं होता." त्याने मिस्त्रीला तिथूनच फोन लावला आणि पाच हजार पाठवले, पाठवल्याचं मला दाखवलं. साडेतीन अजून बाकी.

१४ मे

मिस्त्रीला आता सरळ आपण लावलंय. रोज ९००, मजुराला ५५०, दर शनिवारी चुकते. साहित्य मी आणते. अलीराजपूरची तीच माणसं. पहिल्याच दिवशी सांगितलं की जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पेरणीला गावी जाणार, त्याआधी जे करायचं ते करू. कामाची आखणी मग त्यांच्या तारखेवरून मागे मोजत केली.

१५ मे

तडकलेला पट्टा छिन्नीने पूर्ण काढला, स्लॅब दिसेपर्यंत. जुन्या कोब्याची कड यावेळी सरळ न ठेवता पायरीसारखी आणि खडबडीत कापली, तारेच्या ब्रशने झाडून धुतली, आणि नवा माल लावण्याआधी त्यावर सिमेंटमध्ये बाँडिंगचं द्रावण कालवून लेप दिला. लेप ओला असतानाच माल पडायला हवा. मिस्त्री स्वतः कडेला बसून होता, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

१७ मे

पश्चिमेचा ४३० फूट आणि काढलेला पट्टा, दोन्ही पूर्ण. आता क्यारी सगळ्या गच्चीवर. पाण्याला दोघी बायकांतली एक थांबते, तिची पूर्ण रोजी. या दिवसांत वर दुसरं काही काम नाही, नुसतं पाणी बघायचं. यालाही मजुरी लागते हे ठेकेदाराच्या हिशोबात कधी बसलंच नव्हतं.

२३ मे

तराई चालू असताना बोळाचं छत उरकलं. सुटलेलं सगळं ठोकून काढलं, सळईच्या मागूनही बोट जाईल एवढं मोकळं केलं, गंज घासून चकचकीत केला, गंजरोधक लेप, मग पॉलिमर मिसळलेला माल दोन थरांत. दोन सळयांची जाडी बरीच कमी झाली होती, तिथे शेजारी नवी सळई बांधली. काका खुर्ची टाकून खाली बसले होते.

१ जून

चायना मोझॅक झालं. पांढरे तुकडे जास्त घेतले, ऊन परत फेकतात आणि खालची खोली जरा थंड राहते. दुपारी अनवाणी उभं राहता येतं. ठेकेदाराचा ३१ मेचा हप्ता आला नाही. आठवण लेखी दिली.

५ जून

आज पाण्याची परीक्षा सुरू. मोरीचं तोंड गोणपाट आणि चिकणमातीने घट्ट बुजवलं, गच्चीवर वरच्या टोकालाही पाणी चढेल इतकं भरलं. कठड्यावर चार ठिकाणी पेन्सिलने रेघ. उन्हाने पाणी उडणारच, मग गळतीचं कसं ओळखायचं? म्हणून गच्चीवरच एक पसरट टोप त्याच पाण्याने भरून ठेवला आणि त्याच्या आतही रेघ मारली. टोपातलं पाणी जेवढं उतरेल ते उन्हाचं. गच्चीवर त्याहून जास्त उतरलं तर ते स्लॅबमध्ये गेलं.

७ जून

४८ तास झाले. टोपात आणि कठड्यावर रेघेखाली सारखंच उतरलं, नखाएवढासुद्धा फरक नाही. हॉलचं छत हाताने आणि टॉर्च आडवा धरून बघितलं, सांधा जिथे येतो तिथेही कोरडं. मोरीच्या पाईपाभोवती मात्र बाहेरच्या भिंतीला रुपयाएवढा ओला डाग आला. पाईप आणि कोबा यांच्या मध्ये फट होती. पाणी सोडून दिलं, पाईपाभोवती खाच मारून भरली.

१० जून

पाईपाचं तोंड भरून दोन दिवस भिजवून ठेवलं होतं. आज तेवढ्याच भागाला बांध घालून पुन्हा पाणी भरलं, डाग नाही. मजूर उद्या गावी जातात. आईने दोघी बायकांना साड्या दिल्या. मिस्त्रीची पूर्ण मजुरी चुकती केली.

बाथरूम पावसाळ्यानंतर. तिथे न्हाणी ट्रॅप बदलायचा आहे, आणि पाईप जोडल्यावर टेस्ट पंप लावून बघितल्याशिवाय फरशी बसवायची नाही, हे आत्ताच वहीत लिहून ठेवते. मिस्त्री दिवाळीनंतर मोकळा आहे.

१७ जून

ठेकेदाराने काल १५,००० पाठवले, मेचा हप्ता. १५ जूनचा बाकी आहे, आणि मिस्त्रीचे साडेतीन हजारही. दोन्ही आकडे घालून त्याला आज पत्र टाकलं, ३० जूनची मुदत दिली. १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. करार, पावत्या, बरणीचे व तड्यांचे फोटो, १० मेचं मोजमाप आणि रजिस्टर पोस्टाची पोच एका फायलीत लावली. एक प्रत दादाला पाठवली, एक काकांकडे.